सहा भोपळे

"मावशी, ओढा दोरी," तळाचे प्रमुख साहेब हसून म्हणाले.

मावशींनी दोरीला हात लावला नाही. भिंतीवरच्या पडद्याआड पितळी पाटी होती. तिच्यावर काय कोरलंय ते मघाशी चहा घेताना साहेबांनीच मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं होतं. या तळावरच्या लढाऊ वैमानिकांना 'भोपळे' का म्हणतात? तर म्हणे, पहिल्या तुकडीची हेल्मेटं गोल आणि पिवळी होती, म्हणून.

"हेल्मेटं पांढरी होती," मावशी म्हणाल्या.

सभागृहात कुणीतरी खोकलं. पुढच्या दोन रांगांत तरुण वैमानिक होते, मागे विमानांची देखभाल करणारी मंडळी. मावशींनी या तळावर पस्तीस वर्षं पॅराशूटच्या घड्या घातल्या होत्या. पहिली तुकडी डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. म्हणून तर पडद्याचा मान त्यांना दिला होता.

साहेब जवळ सरकले. "मावशी, वय झालं की आठवणी जरा मागेपुढे होतात."

"मागेपुढे गुडघे होतात, साहेब. डोकं जागेवर आहे."

मागे हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. त्या लोकांकडे वळल्या.

"त्या तुकडीत सहा जण होते. त्यांत माझा दादा. एक पूल पाडायला पाठवलं होतं. जाऊन बघतात तर पुलावर माणसं. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, हातगाडीवर म्हातारी. गावंच्या गावं उठून निघालेली. सहाही जण परत आले ते बॉम्ब जसेच्या तसे विमानांच्या पोटाखाली घेऊन. ते उतरत होते तेव्हा आम्ही वाळूच्या पोत्यांमागे जीव मुठीत धरून बसलो होतो."

"मावशी, वेळ होतोय," साहेब म्हणाले.

"होऊ दे. संध्याकाळी तेव्हाच्या प्रमुखांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं. फळ्यावर सहा नावं लिहिली, प्रत्येकापुढे शून्य. म्हणाले, 'हे आपले सहा भोपळे. एकालाही भोपळा फोडता आला नाही.' लोक हसले. मला मान वर करवेना. आणि दुसऱ्या दिवशी हे सहा जण आले ते हेल्मेटांवर भोपळे रंगवून. पिवळेधमक, देठासकट. पेट्यांवर खुणा करायचा रंग होता, तो मीच काढून दिला होता. प्रमुख म्हणाले, पुसा. एकानंही पुसला नाही. त्या दिवशी सहाही जणांचं उडणं बंद झालं, ते कायमचं. दादानं पुढे जन्मभर ट्रक चालवला. पण कुणी 'ए भोपळ्या' म्हणून हाक मारली की छाती काढून ओ द्यायचा. मागून आलेल्या पोरांनी ते नाव आपणहून घेतलं. कुणी लादलं नाही."

त्या प्रमुखांची तसबीर समोरच्याच भिंतीवर होती. साहेबांची नजर तिकडे गेली आणि चटकन खाली आली.

"हे असलं पाटीवर लिहिता येत नाही, मावशी."

"मग कोरी ठेवा. कोरी पाटी निदान खोटं तरी बोलत नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी स्वतःच दोरी ओढली. पडदा सरकला, पितळ झळकलं. टाळ्या वाजवायला साहेबांनी हात उचलले आणि एकदोनदा वाजवून थांबले. दुसरं कुणी वाजवतच नव्हतं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

पहिल्या रांगेतली एक तरुण वैमानिक उठून उभी राहिली. साहेबांनी तिला डोळ्यांनीच बस म्हणून दटावलं. ती बसली नाही.

"मावशी, पुलावर माणसं किती होती?"

"दादालाही मोजता आली नाहीत, बाळा," मावशी म्हणाल्या. "इंधन संपत आलं तेव्हा तो माघारी वळला. तोवर ती येतच होती."