उंडीचं तेल

चोळू नका म्हणे! राधाबाईने उंडीच्या तेलाची वाटी निखाऱ्यावर धरली आणि मनातल्या मनात नव्या डॉक्टरला दोन शिव्या हासडल्या. आचरा गावातल्या निम्म्या बाळंतिणी नि पोरं तिच्या हाताखालून गेलेली. आणि हा कालचा पोरगा सांगतो, पायाला हात लावू नका, सकाळी मोटार घेऊन येतो, वेंगुर्ल्याच्या इस्पितळात नेऊ!

ओटीवर सत्यवान कण्हत होता. एकुलता एक. चार वर्षं शौचावाटे रक्त पडून पडून मुंबईची नोकरी गेली, अंगावर नुसती कातडी उरली. त्यात परवापासून डावी पोटरी सुजून दगड झालेली. पोटाच्या दुखण्यापुढे राधाबाईने कधीच हात टेकले होते. पण पाय? पाय तर तिच्या हातातला. तो तसा तळमळत असताना बघत कशी बसणार ती?

"आये, डाक्टरान चोळू नको म्हणान सांगल्यान हा."

"गप ऱ्हव! त्येच्या बायलेक बाळंतपणात शेकूक-चोळूक मियाच गेलंय मा!"

घोट्यापासून वर, अंगठे रोवून, तिने पोटरी चोळली. सत्यवान आधी ओरडला, मग हळूहळू निवला. कितीतरी महिन्यांनी हसला.

"बरां वाटता गो. मातशी पेज दी."

घोटभर पेज मागितली पोराने! राधाबाईला आनंदाने रडूच कोसळलं. ती लगबगीने चुलीपाशी गेली. वाडगा भरतेय तोच ओटीवर धडपड ऐकू आली. सत्यवान छाती धरून उठून बसला होता. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना. ओठ निळे पडले. तिने त्याला छातीशी घेतलं तेवढ्यात सगळं संपलं.

सकाळी मोटार आली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. डॉक्टर वाकला. पाय तेलाने चकाकत होता.

"कोणी चोळला?"

"माझ्याबगर कोण चोळतला?"

डॉक्टर तिच्यासमोर खाली बसला. "काकी, आतड्याच्या या आजारात रक्त गोठतं. पायात रक्ताची गाठ झाली होती. ती सुटून वर फुप्फुसात गेली."

राधाबाईने आपल्या तेलकट हातांकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे.

"झिला, चोळू नको म्हणान सांगलंस," ती म्हणाली. "कित्याक नको, चोळल्यार काय होतलां, तां कित्याक नाय सांगलंस?"