अण्णांचं ‘नको’

अण्णांचं पहिलं ‘नको’ खरं नसतं, हे देवव्रतला लहानपणापासून ठाऊक होतं. चहा असो की पोळी, तीनदा आग्रह केल्याशिवाय ते घ्यायचे नाहीत. आई गेल्यावर ते त्याच्याकडे परदेशात, जॉन्सनव्हिलला राहायला आले, तेव्हा पहिल्याच जेवणात निवेदिताने सासऱ्यांना सांगून टाकलं, “अण्णा, इथे एकदाच विचारतात हं.”

आज सकाळी अण्णांच्या पोटात कळ आली आणि शौचाला रक्त पडलं. हॉस्पिटलमध्ये कळलं, मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते सडायला लागलंय.

“आत्ता कापून काढलं तरच वाचायची आशा आहे,” सर्जन बाई म्हणाल्या. “पण पुढे शौचासाठी पोटाला कायमची पिशवी लागेल, घरच्यांना बरंच करावं लागेल. ऑपरेशन हवंय का, त्यांना विचारा.”

देवव्रतने मराठीत विचारलं.

“नको रे,” अण्णा म्हणाले. “उगाच तुम्हाला कशाला त्रास.”

त्याने ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या इच्छेचा आम्ही मान ठेवू, असं म्हणून सर्जन बाई पडदा ओढून निघून गेल्या.


अण्णा देवव्रतकडे बघत राहिले, तो पुन्हा विचारेल म्हणून.