वाऱ्याचा अंदाज

शिरोडकरकाकूंनी हॅम रेडिओचा माइक उचलला, पण बटण लगेच दाबलं नाही. रोज सकाळी रत्नागिरीच्या घरातून त्या समुद्रातल्या शिडाच्या होड्यांना हवामान कळवत. आज मॉरिशसहून एकटाच परतणाऱ्या हेरंबच्या बहिणीचा फोन येऊन गेला होता. "आई गेली. पण त्याला सांगू नका, काकू. पुढे वादळ आहे."

"हेरंब, ऐकू येतंय?"

"येतंय. आईचा ताप उतरला का, काकू?"

"उतरला. तू जेवलास का, बाळा?"



"तुम्ही मला आजवर बाळा म्हटलेलं नाही," हेरंब म्हणाला. "आई कधी गेली?"

काकूंना खोटं पुढे रेटवेना. "पहाटे."

"बरं. वारा सांगा."

त्यांनी वारा सांगितला, लाटांची उंची सांगितली, वादळ चुकवायला कुठे वळायचं तेही सांगितलं. हेरंबनं सगळे आकडे सपाट आवाजात परत म्हणून दाखवले. एकही चुकला नाही.

"ताईनंच सांगू नका म्हटलं असेल ना?" त्यानं विचारलं.

"हो रे."

"मग तिला म्हणा, त्याला अजून काही कळलेलं नाही."