झाकण

पडद्यावर सगळ्या बोटींचे ठिपके बंदराकडे वळले होते. वादळाचा इशारा आम्हीच बोटींवरच्या यंत्रांना पाठवला होता. माझ्या भावाचा ठिपका तेवढा सकाळपासून दिसत नव्हता. "यंत्र बिघडलं असेल," मी साहेबांना म्हणाले. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "ताई, माझं मोठं पातेलं तुम्ही नेलंत का? झाकण तर इथेच आहे." बंदी असलेल्या पट्ट्यात चोरून जाळं टाकणारे यंत्रावर पातेलं पालथं घालतात, म्हणजे बोट आम्हाला दिसत नाही. पण मग आमचा इशाराही तिथवर पोचत नाही. फोन तळव्याखाली दाबून मी म्हणाले, "साहेब, माझा भाऊ चोर आहे. गस्तीची बोट पाठवा, पकडा त्याला." "गस्तीची बोटही परत फिरलीय," साहेब म्हणाले. मी फोन कानाला लावला. "जाऊ द्या ताई, हे आले की यांनाच विचारते."