चालू ठेवलेला फोन

“आवाज जरा मोठा कर गं,” वहिनी म्हणाली.

नणंदेने उशीवरच्या फोनचं बटण दाबलं. खोलीभर धडधड पसरली. खालच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत, वहिनीची लेक त्या धडधडीवर जगत होती. वेळेच्या फार आधी आलेली, एवढीशी. बाप, म्हणजे नणंदेचा दादा, पहिल्याच दिवशी तिला चिमटी म्हणाला आणि तेच नाव चिकटलं. तिची फुप्फुसं ओल्या कागदासारखी होती. श्वासाच्या नेहमीच्या मशीनचे हवेचे मोठे झोत त्यांना सोसले नसते. म्हणून हे दुसरं मशीन लावलं होतं. शिलाईच्या सुईसारखे अगदी छोटे, अगदी भराभर हेलकावे देणारं. छाती वरखाली होतच नव्हती, नुसती थरथरत होती.

“थरथर दिसतेय तोवर घाबरायचं नाही,” तिथल्या सिस्टरने बापाला सांगितलं होतं. “थांबलीशी वाटली, की आम्हाला हाक मारायची.”

वहिनीला खाली जायला बंदी होती. रक्तदाब उतरत नव्हता, बाळंतपणात एकदा झटका येऊन गेला होता. “दगदग नको, आणि धक्का तर मुळीच नको,” डॉक्टरीणबाई घरच्यांना रोज बजावत. फोटो वहिनीनेच नको म्हटला होता. लेकीला पहिल्यांदा बघेन ती माझ्या डोळ्यांनी, म्हणाली. मग नवऱ्याने तोड काढली. सिस्टरच्या विनवण्या करून त्याने आपला जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, दोन पेट्यांमधल्या फळीवर ठेवला आणि वहिनीच्या फोनला लावून चालूच ठेवला.

“मला बाई सगळं गिरणीसारखंच ऐकू येतं,” नणंद सफरचंद सोलत म्हणाली.

“नीट ऐक. दोन आहेत. बारीक, घाईघाईची आहे ना, ती आपल्या चिमटीची. मागून संथ येते ती शेजारच्या पेटीतल्या मुलाची.”

“त्याचं कोण असतं खाली?”

“आजोबा एकटेच. आई लांबच्या दवाखान्यात अडकलीय, पोराला तेवढं गाडीत घालून इथे आणलं.”

“आणि आपलीलाच मेली एवढी घाई कसली?”

“आत्यावर गेली असेल.”

नणंद खो खो हसली. वहिनीने डोळे मिटले आणि त्या बारीक धडधडीला टाळ समजून ती भजन गुणगुणू लागली. देवळातल्या बायकांत तिचा ठेका कधी चुकत नसे. मध्येच फोनमधून नवऱ्याचा आवाज आला, “चिमटाबाई, आई गातेय हं वर, ऐका.”

भजनाचं दुसरं कडवं चालू असताना फोन मुका झाला.

नणंदेच्या हातातली सुरी खाली पडली. तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. वहिनीने पलंगाचा दांडा धरला होता, तिची बोटं पांढरी पडली होती. नणंद जिने उतरून धावली, पण खालच्या दारावरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. “थांबा ताई, आत गडबड आहे,” एवढंच तो म्हणाला. ती परत वर आली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

“बॅटरी उतरली होती,” दादा म्हणाला. “लक्षातच आलं नाही.”

“आवाज का असा येतोय तुझा?” वहिनीने विचारलं.

“धावलो ना, चार्जरसाठी.”

मग धडधड पुन्हा सुरू झाली. नणंद भिंतीला टेकून खालीच बसली. “जीव टांगणीला लावलास की रे! बॅटरी म्हणे!”

वहिनी फोन कानाशी धरून ऐकत राहिली. मघाचं भजन तिने पुन्हा धरलं, अर्ध्यातच सोडलं. जरा वेळाने दुसरं धरलं, संथ चालीचं.

“तो शेजारचा मुलगा कसा आहे रे?” तिने विचारलं.

पलीकडे त्याने नाक ओढलं.

“आहे,” तो म्हणाला. “बरा आहे.”

त्यानंतर फोन जरा खरखरला, तरी नणंद धावत उशीशी येई. दादा वर येई, पण ताटात नुसती बोटं फिरवी. वहिनी स्वतःच्या हाताने त्याला घास भरवी. “याला एकट्याला सोडू नकोस गं,” तिने नणंदेला हळूच सांगून ठेवलं होतं.

“अहाहा, बाळंतीण कोण आणि कोडकौतुक कुणाचं!” नणंद म्हणाली. “आणि काय रे दादा, हल्ली चिमटाबाईशी बोलणं बंद केलंस का?”

“तिची झोप मोडते,” तो खाली बघत म्हणाला.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या दंडाचा पट्टा सोडला. “उतरला एकदाचा. खुर्चीवरून खाली जायला आता माझी हरकत नाही.” त्यांनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या लगबगीने बाहेर गेल्या.

“चला!” नणंद टाळी वाजवत उठली. “आणते खुर्ची.”

“आज नको,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. “उद्या जाऊ. आज खाली... आज तिथे...”

“अरे, वेडा का खुळा तू? पोर वाट बघतेय आईची!”

वहिनीने त्याचा हात धरून त्याला पलंगावर बसवलं.

“बॅटरी उतरली त्या दिवसापासून बारीक धडधड आलीच नाही रे,” ती म्हणाली. “तू मोडून पडशील म्हणून बोलले नाही.”

तो तिच्या मांडीत तोंड खुपसून हमसू लागला. मग उशीवरचा फोन बंद करायला नणंदेने हात पुढे केला.

“राहू दे गं, तो बंद करू नकोस,” वहिनी म्हणाली. “तेव्हापासून त्या मुलासाठीच गातेय मी. खाली जा, आजोबांकडून त्याच्या आईचा नंबर घे. त्याची धडधड तिला ऐकू जायला हवी.”