भोकोबा

चहा उतू जायच्या बेतात आला तसा मृण्मयीने हात पुढे केला. "बाबा, भोकोबा दे की!"

मुकुंदरावांनी तिच्या हातात गाळणं ठेवलं. तीन वर्षांची असताना तिनेच त्याला ठेवलेलं ते नाव. आता ती सत्तावीस वर्षांची होती.

ती कप घेऊन अंगणात गेल्यावर तिचं बोलायचं यंत्र दर महिन्याला तपासायला येणारी मुलगी म्हणाली, "काका, हा शब्द यंत्राकडे नाहीये. घालून ठेवू? उद्या ताईंना आठवला नाही, तर यंत्र बोलेल."

"घाला की, तेवढीच सोय," मृण्मयीची आई म्हणाली.

"अजिबात नको!" मुकुंदराव म्हणाले.

दोन वर्षं मेंदूचा आजार मृण्मयीचे शब्द एकेक करून पुसत होता आणि कानामागचं बटणाएवढं यंत्र तिच्याच आवाजात ते भरून काढत होतं. इतकं बेमालूम, की तिचं कुठलं नि त्याचं कुठलं, हे आईबापांनाही ओळखू येत नव्हतं.

"एवढा एक शब्द सोडा," ते म्हणाले. "तो ऐकला की कळतं, पोर अजून स्वतः बोलतेय."

दिवाळीनंतरच्या एका सकाळी चहा उकळला. मृण्मयीचा हात पुढे आला आणि क्षणभर तसाच राहिला.

"बाबा, गाळणं दे," ती अगदी स्पष्ट म्हणाली.

आईने मुकुंदरावांकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे गाळणं उचलून लेकीच्या हातात ठेवलं.

"घे, तुझा भोकोबा."

मृण्मयी खुदकन हसली. हसायला त्या यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं.