दसऱ्याला रंगवलेला ट्रेलर

'त्या घरात पुरुषांचं कधी चुकत नसतं, बाई,' असं आईनं लग्नाआधी बजावलं होतं. जयानं ते हसण्यावारी नेलं. दसऱ्याला तिच्या नवऱ्यानं, रविराजनं, ट्रेलर रंगवला आणि पिकअपला जोडला, तर त्याचे मागचे दिवे लागेनात. त्यानं सगळे बल्ब बदलले, सासऱ्यांनी लिंबू-मिरच्या बांधून उरलेलं विज्ञान पुरं केलं.

"अहो, अर्थिंगची तार रंगावरच आवळलीय. लोखंडाला टेकतच नाही. खरवडा तेवढं," कडेवरच्या लेकीला थोपटत जया म्हणाली.

"तू पोरगी सांभाळ. लई शिकलीस," म्हणत रविराज तिन्हीसांजेला कांदा भरून तसाच निघाला.

जयानं गावच्या ग्रुपवर लिहिलं, 'बेलापूर रस्त्याला कुणी असाल, तर आमची पिकअप दिसते का बघा. दिसली तर मार्केटपर्यंत तिच्या मागंच राहा. तुमचे तरी मागचे दिवे लागत असतील.'